पाण्याला कोण जातं?

अक्काचं लग्न झालं त्या दिवशी आई गेली. कन्यादान झालं होतं. मांडवात पंगत बसली होती. माझे वडील, नाना, खोलीतून बाहेर आले, त्यांनी दार ओढून घेतलं आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, ऊन लागलं.

वैशाख आला की ते वाक्य आमच्या घराण्यात अजून ऐकू येतं. परवा साताऱ्याला भाच्याकडे गेले होते. अक्काचा हा थोरला मुलगा. त्याची धाकटी लेक करवंदं विकणाऱ्या बाईच्या मागे भर दुपारी रस्त्यावर धावली, तर सूनबाई दारातून ओरडली, "आत ये आधी! पणजी कशी गेली ठाऊक आहे ना?" मुलगी हिरमुसून परत आली, माझ्या मांडीवर बसली आणि म्हणाली, "मावशीआजी, ऊन लागतं म्हणजे नेमकं कुठं लागतं गं?" मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, "इथं."

त्या घरात उन्हाळ्यात मुलांच्या खिशात कांदा असतो. माठात वाळा असतो. दुपारी खिडक्यांना ओले पंचे लागतात. हे सगळं आईच्या नावानं चालतं. माझ्या आईला ऊन कधी बाधलं नव्हतं. डोक्यावर पदर घेऊन ती भर उन्हात अंगणात शेंगा निवडत बसायची. मी भाच्याच्या घरातली ती काळजी पाहते, पंच्यातून ठिबकणारं पाणी पाहते आणि मला मान वर करवत नाही. गेल्या माघात अक्का गेली. तिच्या दहाव्यालाही कुणीतरी म्हणालं, हिच्या आईसारखं झालं नाही, ही आपली थंडीत सुखानं गेली.

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. मी इंटर सायन्सची परीक्षा दिली होती आणि सुटीत गावी न जाता सांगलीत मामांकडेच थांबले होते. उन्हाळ्यातली सांगली मला अजून पिवळी आठवते. पेठेत हळदीची पोती उतरत, हमालांच्या पापण्यांवरसुद्धा हळद बसलेली असे. कृष्णेचं पाणी पार आत सरकलेलं, वाळूत कलिंगडांचे वेल. घाटावर उभं राहिलं की पायाखालचा दगड चपलेतून चटके देई.

गावभागात एका डॉक्टरांचा दवाखाना होता. मुंबईला शिकून आलेले, अबोल, पण शिकवायला लागले की थांबत नसत. फेफऱ्याचे रोगी खेड्यांत किती असतात, कोणत्या वयात सुरुवात होते, लोक काय उपाय करतात, याची कुणालाच नीट माहिती नाही, हे त्यांना खुपत असे. कॉलेजातल्या मुलांनी सुटीत हे काम करावं, आपण त्यांना हाताशी धरून शिकवावं, अशी त्यांची कल्पना. मुलांच्या राहण्याजेवण्याची आणि थोड्या विद्यावेतनाची सोय हवी होती. ती एका हळदीच्या व्यापाऱ्यानं केली. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या मुलाला हा आजार होता.

मला आणि देसाई नावाच्या माझ्या वर्गातल्या मुलाला घेऊन डॉक्टर अण्णांच्या पेढीवर गेले. अण्णांनी आम्हाला गादीवर बसवलं, ताक मागवलं आणि मला विचारलं, "पोरी, तू कुणाची गं?"

"सातारच्या खंडाळ्याकडची. वडील शाळामास्तर आहेत."

"घरात कुणाला हाय काय हे?"

"नाही."

"मग ह्यात कशाला पडलीस?"

मी म्हटलं, "अभ्यास म्हणून."

"अभ्यास!" अण्णा हसले. "बघा डॉक्टर, आमी निस्तं लपवायला शिकलो, आन ही अभ्यास करायला निघाली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पैशाची काळजी करू नका. दर उन्हाळ्याला देतो. पण कुठं माझं नाव घालायचं न्हाई. पोराचं लगीन व्हायचंय अजून."

'नाही' हा शब्द मी किती सहज बोलले होते. मी खोटं बोलले नव्हते, मला माहीतच नव्हतं. पण त्या गादीवर बसून, ताकाचा पेला हातात धरून, मी अण्णांची कीव केली होती. हा शिकलासवरला पैसेवाला माणूस आणि आपल्या मुलाच्या दुखण्याची एवढी लाज!

पहिल्या दिवशी देसाई कवठेपिरानच्या बाजूच्या एका वस्तीवरून सायकल पळवत परत आला. डॉक्टर दवाखान्याच्या ओट्यावर बसले होते. म्हणाला, "काठी घेऊन मागं लागले, डॉक्टर."

"काय विचारलंत?"

"तुमच्या घरात कुणाला फेफरं आहे का."

"माझ्या दारात येऊन विचारलं असतंत तर मीही काठी घेतली असती," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी आम्हाला खाली बसवलं. "आजाराचं नावच काढायचं नाही. पाणी मागायचं. पाणी प्यायचं. मग विचारायचं, तुमच्याकडे पाण्याला कोण जातं? कोणत्या घरात धडधाकट बाई आहे आणि तरी विहिरीवर दुसरंच कुणी जातं, ते बघा. चुलीपाशी कुणाला एकटं बसू देत नाहीत, ते बघा. हातावर भाजल्याचे जुने वण बघा. कपाळाला, मानेला डाग दिलेला बघा. कोनाड्यात चामड्याचा एकच जोडा ठेवलेला दिसला, तर तो कशाला ते हळूच विचारा."

झटका आला की नाकाशी जोडा धरायचा, हा तिकडचा सर्रास उपाय. तापल्या सळईनं डाग देणं हा दुसरा.

त्या प्रश्नानं दारं उघडली. मला बायका आत घेत, देसाईला ओसरीवर बसवत. मी घरोघर पाणी प्याले. एका घरात सून पाण्याला जात नव्हती आणि सासू म्हणत होती, "आमची जरा नाजूक हाय." दुसऱ्या घरात तरणा मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि आई म्हणाली, "कामाचा कट्टाळा, दुसरं काय." संध्याकाळी ओट्यावर डॉक्टर एकेक गोष्ट ऐकून घेत आणि प्रत्येक वेळी विचारत, "हे पाहिलंत की ऐकलंत?" त्या एका प्रश्नानं मी जेवढं शिकले तेवढं पुढे कोणत्या पुस्तकानं शिकले नाही. पाहणं आणि ऐकणं वेगळं ठेवायचं. आणि पाहिलेलं नाकारायचं नाही.

अक्काचं लग्न ठरल्याचं मामांनी सांगितलं. मुलगा कुंडलकडचा, ऊसवाल्या शेतकऱ्याचा, फौजेत होता. त्याला रजा मिळाली होती आणि रजा संपायच्या आत लग्न उरकायचं होतं. तयारीला म्हणून मी चार दिवस घरी निघाले. लोणंदला गाडीतून उतरले, बैलगाडीनं गावात आले. दारात बसून पाय धुतले. आणि नाना खांद्यावर कळशी घेऊन विहिरीवरून येताना दिसले.

नाना पाणी भरतात, हे मला काही नवं नव्हतं. सारा गाव त्यांना त्यावरून चिडवायचा. पारावरची माणसं म्हणत, "काय मास्तर, आज शाळा विहिरीवर भरली व्हय?" नाना हसत आणि कळशी सांभाळत पुढे जात. लहानपणी मला त्या चेष्टेचा राग यायचा, मग मोठेपणी वडिलांचा अभिमान वाटू लागला. वाटायचं, आपले नाना सुधारक आहेत, बायकोला कष्ट पडू देत नाहीत. कॉलेजात मैत्रिणींना मी हे सांगितलंही होतं.

त्या दिवशी त्यांच्या खांद्यावरची ती कळशी पाहिली आणि मी ओल्या पायांनी तशीच बसून राहिले. घरात गेले तर कोनाड्याकडे बघायचं धाडस होईना. तो जोडा मी जन्मल्यापासून तिथं होता. वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून ठेवलाय, असं आम्हाला सांगितलेलं. आई कुंकू मोठं लावायची, बंद्या रुपयाएवढं. मेण लावून, गोल, ठसठशीत. ते तिला फार शोभायचं. त्याच्या कडेनं थोडीशी कातडी चुरगळल्यासारखी दिसायची, ती मी कितीदा तरी पाहिली होती आणि एकदाही पाहिली नव्हती.

मग चूल. हेही लिहायलाच हवं.

मला अक्षरं कळायला लागली तेव्हापासून आई स्वयंपाकाला बसली की मला हाक मारायची. "इंदू, पुस्तक घेऊन ये गं. हितं बस माझ्याजवळ. मोठ्यानं वाच." मी चुलीच्या उजेडात वाचायची. भूगोल, इतिहास, नानांच्या कपाटातलं काय वाटेल ते. आई भाकरी थापायची, मधूनच "मग?" म्हणायची. आपल्या अडाणी आईला आपलं वाचन आवडतं, ती आपल्या तोंडून शिकते आहे, असं मला वाटायचं. मला पुस्तकांचं वेड लागलं ते त्या जागेवर. मी सांगलीला शिकायला गेले, तेव्हा चुलीपाशी अक्का बसू लागली. तिला वाचायचा कंटाळा. ती विणकाम घेऊन बसायची. आईला वाचन नको होतं. तिला जवळ माणूस हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का शेजारी गेली होती. आई चुलीपुढे, मी तिच्याजवळ. मी विचारलं, "आई, तुला हे कधीपासनं?"

तिचा हात भाकरीवर थांबला. "काय कधीपासनं?"

 मी तिच्या कपाळाकडे पाहिलं.

"कोण बोललं तुला? नाना?"

"कुणी नाही. मीच पाहिलं."

"हे शिकवत्यात व्हय कालेजात?" तिनं भाकरी उलटली. "आईला बघायला लावत्यात? लोकांच्या घरात शिरायचं, तिथनं आपल्या घरात. मग लिव की माझंबी नाव तुझ्या डाक्तरकडं. लिव, आन अक्काचं लगीन मोड."

"नाव लिहायचं नाही, आई. गोळ्या मिळतात. रोज घ्यायच्या. झटके थांबतात."

"बाटली आली की चार जणी इचारणार."

"बाटली नाही. कागदात बांधून आणते."

तिनं भाकरी आरावर टेकवली. मग हळू आवाजात म्हणाली, "लगीन ठरल्यापासनं ह्योच घोर लागलाय बघ. अक्का गेली की हितं कोण बसायचं? तू न्हाई, ती न्हाई. नानांनी शाळा सोडून चुलीपाशी बसायचं व्हय?" आणि एकदम हसली. "गावाला तेवढंच ऱ्हायलंय बघायचं."

मी सांगलीला परत गेले. डॉक्टरांना म्हटलं, आमच्या गावात एक बाई आहे, तिला नाव सांगायचं नाही. कोण, ते त्यांनी विचारलं नाही. वय विचारलं, झटके कधी येतात ते विचारलं. बहुतेक पहाटे, झोपेत, क्वचित दिवसाही, असं मी सांगितलं, आता मला ते सगळं ठाऊक झालं होतं. आम्ही मुली लहान असताना पहाटे नाना दार लावून घेत आणि सकाळी म्हणत, आईला भोवळ आली होती, निजू द्या. डॉक्टरांनी गोळ्या मोजून दिल्या आणि बजावलं, "रोज. एकही दिवस चुकवायचा नाही. एकदम थांबवल्या तर पहिल्यापेक्षा वाईट होतं, हे त्यांना नीट सांगा." त्याच आठवड्यात गोळ्या कागदात बांधून मी घरी नेल्या आणि नीट सांगितलं. आईनं नीट ऐकलं.

गोळ्या लागू पडल्या. लग्नाच्या आधी मी पुन्हा घरी आले तेव्हा नाना अंगणात मला हळूच म्हणाले, "इंदे, एकदाही नाही गं." आईची तक्रार एकच, झोप लय येती. एकदा तिन्हीसांजेला ती चुलीपाशी एकटी बसलेली मला दिसली. भाकऱ्या करत होती. मी पुस्तक घेऊन जवळ गेले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. तुझ्या गोळ्या बसल्यात माझ्याजवळ. तू आपली डाक्तरीन हो." तेवढा एक उन्हाळा, त्यातलेही थोडेच दिवस, आई एकटी चुलीपाशी बसली. दारातून पाहिलेली तिची ती पाठ मला सगळ्यांत स्पष्ट आठवते.

मग मांडव पडला, देवक बसलं. हळद झाली. घरात पै-पाहुणे, जात्यावर बायका, सगळीकडे धांदल. कन्यादान करणाऱ्या आईबापानं उपास धरायचा, हे मला माहीत होतं. नाना आणि आई दोघांनीही धरला होता. आईनं देवक बसल्यापासूनच कडक धरला. तोंडात पाण्याचा थेंब नाही. रात्रीची झोप नाही. आणि तोंडात काही घालायचं नाही म्हटल्यावर गोळीही नाही. तिनं हे कुणाला सांगितलं नाही, कारण तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसेल. देव घरात बसलेला, लेकीचं कन्यादान व्हायचं, अशा वेळी इंग्रजी औषध खाऊन उपास मोडणारी बाई आमच्या तालुक्यात सापडली नसती. त्या गोळ्या तिनं टाकल्या नव्हत्या. पदराच्या गाठीत बांधून ठेवल्या होत्या, त्या मला मागाहून सापडल्या. लग्न झालं की घेणार होती.

अक्षता पडल्या, कन्यादान झालं. आई पाटावरून उठली, खोलीत गेली. नाना मागोमाग गेले आणि त्यांनी सवयीनं दार लावलं. बाहेर सनई वाजत होती. मी पंगतीत वाढत होते. दार उघडेना म्हणून मी गेले, तर नानांनी फट करून मला आत घेतलं. एक झटका ओसरायच्या आत दुसरा येत होता. ती मध्ये शुद्धीवर येत नव्हती. मी म्हटलं, नाना, कुणाला तरी लोणंदला धाडा, डॉक्टर आणा. नाना म्हणाले, "पंगत उठू दे." मग म्हणाले, "थांबेल. नेहमी थांबतं." जोडा त्यांच्या हातात होता. मुलांना विज्ञानाचे धडे शिकवणारा माझा बाप तो जोडा तिच्या नाकाशी धरून बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

पंगत उठायच्या आत सगळं थांबलं.

नवऱ्याची रजा संपत आली होती. वऱ्हाड निघायची घाई झाली. अक्का पाठवणीच्या वेळी म्हणाली, "आई कुठाय?" नाना म्हणाले, "ऊन लागलंय तिला. निजवलीय. उठवायला नको. उंबऱ्याला नमस्कार कर, पोहोचेल." अक्कानं बंद दारासमोर गुडघे टेकले, उंबऱ्यावर डोकं ठेवलं. हातातला हिरवा चुडा वाजला. मी दाराला पाठ लावून उभी होते. गाड्या वेशीबाहेर गेल्यावर नानांनी दार उघडलं आणि गावाला सांगितलं.

तेराव्यानंतर मी सांगलीला गेले. संध्याकाळी ओट्यावर डॉक्टर होते, देसाईही होता. मी म्हटलं, एक रोगी दगावली. लग्नात तिनं उपास धरला होता, त्यात गोळी घेतली नाही. डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, "पाहिलंत की ऐकलंत?"

"पाहिलं."

त्यांनी मान वर केली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चष्मा काढून हातात धरला. देसाईला काही कळलं नाही, तो पेन्सिलीला टोक करत राहिला. डॉक्टर म्हणाले, "उपासाचं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी याच देशात जन्मलो." त्या दिवशी आमच्या प्रश्नांमध्ये एका प्रश्नाची भर पडली. पुढे अण्णांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्यात तर पाण्यावाचून उपास करत्यात, डॉक्टर. मी सांगाय पायजे हुतं. तुमी इचारलं न्हाई, मी बोललो न्हाई."

वर्षश्राद्धाला अक्काच्या सासूबाई आल्या होत्या. उसाच्या मळ्यात राबलेली रांगडी बाई. ओसरीवर अक्काचं तान्हं बाळ मांडीवर थोपटत होत्या. मी जवळ बसले तर बाळाकडेच बघत म्हणाल्या, "पोरी, तुझ्या आईला फेफरं व्हतं न्हवं?"

मी बाळाचं दुपटं नीट करत राहिले.

"आमी पोरगी बघाय आलो तवाच कळलं मला. पोहं खाताना मास्तर धा येळा आत जाऊन बघत्यात. बाप्या मानूस कशाला जाईल चुलीकडं? आन कुकू ते येवढं."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? माझी थोरली जाऊ तशीच व्हती. लय गुणाची. बोललो आस्तो तर तुझ्या आईनं मान खाली घातली आस्ती. लेकीच्या लग्नात आईची मान खाली घालायची व्हय?"

मी कसंबसं म्हटलं, "अक्काला हे सांगू नका."

"तिला काय ठाऊक न्हाई?" त्या बाळाला खांद्यावर घेत म्हणाल्या. "ती मला सांगत न्हाई, मी तिला इचारत न्हाई. घर चाललंय."

असं आहे. त्यांना ठाऊक होतं. अक्काला ठाऊक होतं, ती तर माझ्यानंतर चुलीपाशी बसली होती. नानांना, मला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट सगळ्यांनी एकमेकांपासून जपली, आणि आई ती जपत बाटली नको म्हणाली, तिनं दार लावून घेऊ दिलं. मला वाटतं, त्या दुपारी दार उघडं असतं, तर कुंडलच्या त्या बाईनंच गाडी जुंपायला लावली असती. हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पाहिलेलं नाही.

अक्का पुढे कितीतरी वर्षं माझ्याकडे सांगलीला यायची. दोघी दुपारी चटईवर पडून बोलायचो, माहेरच्या आंब्याबद्दल, नानांच्या हट्टांबद्दल. आईचा विषय निघाला की ती म्हणायची, "त्या साली ऊनच फार होतं." मी म्हणायची, "हो, फार होतं." शेवटच्या आजारात तिचा हात माझ्या हातात होता, तेव्हा मला वाटलं, आता तरी आपण बोलू. ती म्हणाली, "खिडकी लावून घे, ऊन येतंय." माघ होता. मी खिडकी लावून घेतली.

मी डॉक्टर झाले नाही. नानांपाशी घरात कुणी नव्हतं, पुढची काही वर्षं त्यात गेली. नंतर सांगलीतच शिकले आणि जीवशास्त्र शिकवत राहिले. अण्णांच्या मागे त्यांच्या मुलांनी पैसे चालू ठेवले, डॉक्टरांच्या मागे दवाखाना त्यांच्या विद्यार्थ्यानं. दर उन्हाळ्यात कॉलेजातली मुलं येतात, आता मुलीच जास्त. त्यांना खेड्यात कसं बोलायचं ते शिकवायला मला अजून बोलावतात. या वैशाखातही मी गेले होते. नळ आले आहेत, पाण्याला कोण जातं या प्रश्नाला आता फारसा अर्थ उरलेला नाही, तो काढून टाकला. उपासाच्या दिवशी गोळी घेता का, हा प्रश्न आहे. मुली तो घरोघर विचारतात, आणि पुष्कळ बायका अजून नाही म्हणतात, मग मुली त्यांच्यापाशी बसून समजावतात. एकीनं मला विचारलं, "बाई, हा प्रश्न कुणाला सुचला?" मी म्हटलं, एका रोग्यामुळे आला. तिनं नाव विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. इथंही लिहिलेलं नाही.